संघ गेला, आता कुणासाठी ओरडायचं?

ताई,

मी मूळचा पुण्याचा. २०११ पासून ॲरिझोनात, चँडलरला राहतो. आइस हॉकी म्हणजे काय हे इथे आल्यावरच कळलं. २०१२ च्या एप्रिलमध्ये ऑफिसातल्या लोकांनी ओढून एका सामन्याला नेलं आणि मी इथल्या कायोटीज संघाचा झालो तो झालोच. त्याच वर्षी लेक झाली. ती माझ्या मांडीवर बसून सामने बघत मोठी झाली, आता स्वतः गोलकीपर म्हणून खेळते. २०२४ मध्ये आमचा संघ युटाला गेला आणि तेव्हापासून मला सगळे सल्ले देतायत. लास व्हेगासला राहणारा मेव्हणा म्हणतो, आमचे गोल्डन नाइट्स धरा, शेजारीच तर आहोत, या, राहा, सामने बघा. ऑफिसातला मित्र म्हणतो, खेळाडू युटाला गेले, तुम्हीही युटाचे व्हा. बायको (माहेर दादर) म्हणते, ते हॉकी सोडा, आयपीएल बघा आणि आता तरी मुंबईचे व्हा. लेक म्हणते, कायोटीज म्हणजे कायोटीज, संपलं. परवा टीव्हीवर व्हेगासचा सामना चालू होता, गोल झाला आणि माझ्या तोंडून आरोळी गेली. लेकीने माझ्याकडे बघितलं, उठली आणि खोलीत गेली. त्यानंतर माझ्याशी हॉकीवर एक शब्द बोललेली नाही. शेजारचा संघ धरणं ही गद्दारी आहे का? आणि कपाटात चार जर्सी पडल्यात त्यांचं काय करू?

– बेवारस प्रेक्षक, चँडलर

प्रिय बेवारस,

गद्दारी नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं तुम्ही निवांत वाचाल. सोडून गेले ते ते. तुम्ही अजून चँडलरलाच आहात, त्याच सोफ्यावर.

पण तुमचा प्रश्न एक आणि तुमचं दुखणं दुसरं दिसतंय. व्हेगासच्या गोलवर ओरडलात याचं तुम्हाला फार वाईट वाटलेलं नाही. लेक उठून आत गेली त्याचं वाटलंय. तिच्याकडे मी येणार आहे. आधी हॉकीचं बघू, कारण तुम्हाला सल्ले देणाऱ्या तिघांपैकी कुणीच तुमच्या संघाचं नेमकं काय झालं याचा विचार केलेला नाही.

ज्या वाचकांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कायोटीज मुळात ॲरिझोनाचे नव्हतेच. कॅनडातल्या विनिपेगचा जेट्स नावाचा संघ १९९६ मध्ये उचलून फिनिक्सला आणला गेला. वाळवंटात बर्फावरचा खेळ, म्हणून जगाने थट्टा केली, तरी माणसं जमली. आधी बास्केटबॉलच्या मैदानात खेळले, तिथे काही खुर्च्यांवरून एका बाजूचा गोलच नीट दिसायचा नाही. मग २००३ च्या अखेरीस ग्लेनडेलला नवं मैदान मिळालं, ते शहराच्या पार पश्चिमेला; चँडलरहून जायचं म्हणजे अख्खं खोरं ओलांडायचं. २००९ मध्ये संघ दिवाळखोरीत गेला आणि नवा मालक मिळेपर्यंत काही वर्षं लीगनेच तो सांभाळला. २०२१ मध्ये ग्लेनडेलने सांगितलं की करार वाढवणार नाही. मग टेंपीला, ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या मलेट अरीनात, जेमतेम ४,६०० प्रेक्षकांच्या मैदानात एनएचएलचा, म्हणजे थोरल्या हॉकी लीगचा, संघ दोन सीझन खेळला. मे २०२३ मध्ये टेंपीच्या मतदारांनी नव्या मैदानाचा प्रस्ताव फेटाळला. (तुम्ही चँडलरचे, म्हणजे तुम्हाला मतही नव्हतं.) १७ एप्रिल २०२४ ला एडमंटनला ५-२ हरवून शेवटचा सामना झाला आणि दुसऱ्या दिवशी सॉल्ट लेक सिटीवर शिक्कामोर्तब झालं. १२० कोटी डॉलरचा व्यवहार.

आता तुमच्या ऑफिसातल्या मित्राचं घेऊ, कारण त्याचा सल्ला वरवर सर्वांत तर्कशुद्ध वाटतो. खेळाडू तिकडे, म्हणून आपणही तिकडे. पण लीगने कागदावर वेगळंच केलं. खेळाडू आणि प्रशिक्षक युटाला दिले, पण कायोटीजचं नाव, चिन्ह, विक्रम, सगळा इतिहास मागे ठेवला. जुन्या मालकाला पाच वर्षांत मैदान उभारून संघ पुन्हा सुरू करायची मुभा होती. दोन-अडीच महिन्यांत त्यानेही हात वर केले. म्हणजे युटाचा संघ, जो आता मॅमथ म्हणवतो, स्वतःला नवा संघ मानतो. शेन डोन एकवीस सीझन जेट्स-कायोटीज याच एका संघाकडून खेळला, विनिपेगहून आलेल्यांपैकी शेवटपर्यंत टिकलेला तो एकटा. पण त्याचे आकडे युटाच्या विक्रमांच्या यादीत तुम्हाला सापडणार नाहीत. त्याचा मुलगा जॉश मार्च २०२४ मध्ये कायोटीजकडून पहिल्याच सामन्यात दोन गोल करून गेला. तो युटाला गेला खरा, पण २०२५ च्या जूनमध्ये त्याला बफेलोला देऊन टाकलं. खेळाडूंच्या मागे जायचं ठरवलंत तर दोन-चार वर्षांत तुमची वरात दहा गावांत फिरत असेल. शिवाय सॉल्ट लेक तुमच्यापासून हजार किलोमीटरच्या वर. युटाबद्दल माझ्या मनात राग नाही, त्या लोकांनी काहीच वाईट केलेलं नाही. पण तिकडे जायला तुमच्याकडे ना रस्ता जवळचा आहे, ना नातं.

शेजाऱ्याचा प्रश्न यापेक्षा गुंतागुंतीचा आहे, आणि तो तुमच्या आधी बऱ्याच गावांनी सोसलाय.

सर्वांत कठीण प्रकरण क्युबेक सिटीचं. तिथला नॉर्डिक्स आणि अडीचशे किलोमीटरवरचा माँट्रियल कनेडियन्स यांचं वैर हॉकीपुरतं नव्हतंच. एक संघ ओकीफ ब्रुअरीचा, दुसरा मोल्सनचा, म्हणजे बारमध्ये कोणती बिअर मागितली त्यावरून माणूस कुठल्या बाजूचा ते कळायचं. १९८४ च्या गुड फ्रायडेला त्यांच्यात जो सामना झाला त्यात दुसरा डाव संपताना दोन्ही संघ बर्फावर उतरून भिडले आणि तिसरा डाव सुरू व्हायच्या आधी पुन्हा भिडले. आणि मग १९९५ मध्ये नॉर्डिक्स विकले गेले, डेन्व्हरला जाऊन कोलोराडो ॲव्हलांच झाले. क्युबेकच्या माणसाने काय करावं? जवळचा एकच संघ उरला, तोही वैऱ्याचा. त्यात जखमेवर मीठ कसं पडलं बघा. त्याच डिसेंबरमध्ये माँट्रियलचा गोलकीपर पात्रिक रॉय, जो जन्माने क्युबेक सिटीचाच, व्यवस्थापनाशी भांडून बाहेर पडला आणि कोलोराडोला गेला. १९९६ च्या जूनमध्ये कोलोराडोने स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला. म्हणजे संघ क्युबेकचा, गोलकीपर माँट्रियलचा आणि कप तिसऱ्याच गावाचा. नॉर्डिक्स क्युबेकमध्येच राहिले असते तर माँट्रियलने त्यांना रॉय दिला असता असं मला तरी वाटत नाही.

त्यानंतर बऱ्याच घरांत लोक हळूहळू माँट्रियलचे सामने बघायला लागले. भाषा फ्रेंच, वर्तमानपत्रं फ्रेंच, रेडिओवरची चर्चा फ्रेंच, बोलायचं तर कशावर? आणि एक गोष्ट अशी की वैर करताना माणूस समोरच्याचा फार बारकाईने अभ्यास करतो. माँट्रियलचा कोणता डिफेन्समन डावीकडे वळताना अडखळतो हे नॉर्डिक्सवाल्यांना माँट्रियलकरांइतकंच ठाऊक होतं. त्यामुळे आत शिरल्यावर त्यांना कुणाची ओळख करून घ्यावी लागली नाही. दुसरे मात्र असे निघाले की मेलो तरी माँट्रियल नाही. २०१५ मध्ये क्युबेकने अठरा हजारांवर प्रेक्षकांचं व्हिडिओट्रॉन सेंटर उभारलं. एनएचएल आलेली नाही. तिथे रेम्पार्ट्स हा ज्युनियर मुलांचा संघ खेळतो, आणि २०२३ मध्ये त्यांनी ज्युनियर हॉकीतला मेमोरियल कप जिंकला तेव्हा त्यांचा प्रशिक्षक होता पात्रिक रॉय.

माझ्या दाराशी जे आहे ते जरा सौम्य आहे. मी कनेटिकटमध्ये, हार्टफर्डजवळ राहते. इथल्या विमा कंपन्यांत काम करणारी मराठी मंडळी पुष्कळ, त्यामुळे हे सदर वाचणारेही इथे बरेच आहेत आणि त्यांतल्या काहींना आता मी काय सांगणार ते पाठ आहे. हार्टफर्डचा संघ व्हेलर्स. १९९७ च्या १३ एप्रिलला शेवटचा सामना, टँपा बेला २-१ हरवलं, शेवटचा गोल कॅप्टन केव्हिन डिनीनचा. मग संघ नॉर्थ कॅरोलायनात जाऊन हरिकेन्स झाला. हार्टफर्डच्या एका बाजूला बॉस्टन, दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्क, दोन्ही गाडीने दोन-अडीच तासांवर. शेजारी दोन होते, त्यामुळे गाव फुटलं. पूर्वेकडचे बहुतेक ब्रुइन्सचे झाले, न्यूयॉर्कच्या बाजूचे रेंजर्सचे. खरं तर ही फूट आधीपासूनच होती; व्हेलर्स असतानाही बॉस्टनचा संघ आला की हार्टफर्डच्या मैदानात काळे-पिवळे कपडे भरपूर दिसायचे म्हणतात. मी इथे आले तेव्हा व्हेलर्स जाऊन काही वर्षं झाली होती, तरी आजही सुपरमार्केटमध्ये ती हिरवी व्हेलची शेपूट छापलेली टोपी घातलेला कुणीतरी भेटतो. त्यांतले अनेक जण रात्री घरी जाऊन ब्रुइन्सचाच सामना लावतात. दोन्ही एकत्र नांदतं. टोपी व्हेलर्सची, आवाज बॉस्टनचा. त्यात कुणाला काही विसंगत वाटत नाही आणि मलाही वाटत नाही.

त्यांना चिडवायचं असेल तर एकच विषय काढावा. २०१८ च्या डिसेंबरमध्ये हरिकेन्सनी कॅरोलायनात व्हेलर्सची हिरवी जर्सी घालून सामना खेळला. जर्सीही खपवल्या. गाव सोडून गेलेल्याने वीस वर्षांनी गावाच्या नावावर दुकान मांडावं, तसं इथल्या अनेकांना ते लागलं.

अटलांटाचं मी फार सांगत नाही, तिथून संघ दोनदा गेला, १९८० मध्ये आणि २०११ मध्ये. दुसऱ्यांदा गेला तो विनिपेगला. म्हणजे ज्या विनिपेगचा संघ तुमच्याकडे आला त्या विनिपेगने पंधरा वर्षांनी दुसऱ्याचा उचलला. मिनेसोटाने १९९३ मध्ये संघ गमावला, २००० मध्ये त्यांना नवा मिळाला. हे सांगते ते एवढ्यासाठी की फिनिक्सला पुन्हा संघ येईल असं तुम्हाला कुणी ना कुणी सांगत राहणार. येईलही. मिनेसोटाला सात वर्षं लागली, विनिपेगला पंधरा, क्युबेक तीस वर्षं उलटूनही वाट बघतंय. तुमची लेक सात वर्षांनी वीस वर्षांची असेल.

आणि एक कटू गोष्ट आत्ताच ऐकून ठेवा. गेलेले संघ तिकडे जाऊन जिंकतात. अटलांटाचा संघ कॅल्गरीत जाऊन १९८९ मध्ये जिंकला, क्युबेकचा १९९६ मध्ये, मिनेसोटाचा डॅलसला जाऊन १९९९ मध्ये, हार्टफर्डचा २००६ मध्ये. युटा कधी ना कधी कप उचलेल तेव्हा तुम्ही कुठल्या बाजूला बसला असाल याचा विचार आज करून ठेवलात तर त्या रात्री घरात कमी भांडणं होतील.

आता तुमचे शेजारी. लॉस एंजेलिसचं नाव तुमच्या पत्रात कुठेच नाही याचं मला आश्चर्य वाटलं नाही. तुम्ही २०१२ मध्ये या खेळात पडलात, म्हणजे वेस्टर्न कॉन्फरन्सच्या फायनलचा पाचवा सामना तुम्ही बघितलाय. कायोटीजच्या अख्ख्या इतिहासातली ती सर्वांत लांबची मजल. ओव्हरटाइममध्ये, पंचांनी ज्या धडकेकडे काणाडोळा केला असं तुमच्याकडे सगळ्यांना वाटतं तिच्या पाठोपाठ, लॉस एंजेलिस किंग्जच्या डस्टिन पेनरने गोल केला आणि ते पुढे जाऊन कप जिंकले. तेव्हा ते राहू दे.

उरलं व्हेगास. व्हेगासशी तुमचं जुनं काही नाही. त्यांचा जन्मच २०१७ चा. पहिल्याच वर्षी फायनल, सहाव्या वर्षी कप. मत्सर वाटण्यासारखं खूप आहे, पण त्यांनी तुमचं काही हिसकावलेलं नाही. नवा माणूस शिरला तर त्याच्याकडे वळून बघायला तिथे कुणाला फुरसत नाही. ते सगळेच नवे आहेत. अडचण एकच. आनंद तुम्हाला लगेच मिळेल, पण दुःख मिळणार नाही. व्हेगास हरलं तर तुम्ही टीव्ही बंद करून गाढ झोपाल. हे तपासून बघा. ते हरल्यावर दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणाशी बोलू नये असं वाटलं, तर समजा की लागण झाली. तोवर तुम्ही निव्वळ चांगला खेळ बघताय, आणि चांगला गोल बघून आरोळी ठोकायला कुठल्याही धर्मात बंदी नाही.

म्हणून माझा सल्ला असा की व्हेगासला दत्तक वगैरे घेऊ नका. पुण्यात घर भाड्याने घेताना करतात तसा अकरा महिन्यांचा करार करा. एक सीझन बघा, पटलं तर वाढवा, नाही पटलं तर अनामत परत घेऊन बाहेर. भिंतीत खिळे ठोकायचे नाहीत, म्हणजे इतक्यात सोनेरी जर्सी विकत घ्यायची नाही.

पण हा सगळा टीव्हीवरचा हिशेब झाला. तुमच्या पत्रात मला दिसलं ते असं की ऑफिसातल्या लोकांनी ओढून नेलं म्हणून तुम्ही या खेळात आलात, आणि लेक मांडीवर बसून मोठी झाली. थंड हवेत बसणं, शेजारच्या अनोळखी माणसाच्या पाठीवर थाप मारणं, परतीच्या वाटेवर गाडीत वाद घालणं, हे गेलंय. ते पाचशे किलोमीटरवरचा संघ भरून देणार नाही. ते भरून यायचं तर गाडीने जाता येईल असं काहीतरी हवं, आणि ते तुमच्याजवळ आहे.

मलेट अरीना अजून तिथेच आहे, चँडलरहून अर्ध्या तासावर. ॲरिझोना स्टेटचे सन डेव्हिल्स तिथे खेळतात, २०२४ पासून ते एनसीएचसी या कॉलेज हॉकीतल्या दणकट गटात आहेत. शेन डोनचा मुलगा याच संघातून वर गेला. विद्यार्थ्यांचा गोंगाट इतका की तुम्हाला ग्लेनडेलच्या अर्ध्या रिकाम्या खुर्च्या आठवून हसू येईल. दीड-दोन तासांवर टक्सनचे रोडरनर्स, २०१६ पासून. तो कायोटीजचा खालच्या लीगमधला जोडसंघ होता, आता युटाचा आहे, हे लेकीला आधीच सांगा, नंतर तिला दुसऱ्याकडून कळलं तर तुमचीच पंचाईत. विनिपेगनेही १९९६ मध्ये हेच केलं होतं. जेट्स गेले त्याच वर्षी खालच्या लीगचा मॅनिटोबा मूस आला, आणि थोरला संघ परत येईपर्यंत गावाने त्यावर दिवस काढले. क्युबेकच्या रेम्पार्ट्सचं वर सांगितलंच. संघ गमावलेल्या गावांत जी माणसं अजून हॉकीवर उत्साहाने बोलताना दिसतात ती बहुधा अशी, धाकट्या संघाच्या सामन्याला जाणारी.

लेक. तिला कुठल्याही संघात घालायचा प्रयत्न करू नका. ती तेरा वर्षांची आहे, तिचा संघ गेला, आणि आसपासचे सगळे मोठे लोक दुसरा घे, तिसरा घे म्हणतायत. तिने कायोटीजवर अडून राहणं हा हट्ट नाही. तो संघ आता नवा सामना हरू शकत नाही, कुठे जाऊ शकत नाही; तिला तो तसाच ठेवायचा असेल तर ठेवू दे. तुम्ही ओरडलात तेव्हा तुम्हाला दुसरं कुणीतरी मिळालंय असं तिला वाटलं असेल, आणि तिला अजून मिळालेलं नाही. तुम्ही तिला एवढंच सांगा की गोल चांगला होता म्हणून ओरडलो, त्यांच्यासाठी नाही. खरं असेल तरच सांगा. नसेल तर तेही सांगा. बाप दोन ठिकाणी लक्ष देऊ शकतो हे तिला कळायला हरकत नाही.

आणि ती गोलकीपर आहे, ही गोष्ट तुमच्या घरात कुणी लक्षात घेतलेली दिसत नाही. गोलकीपर सामना बघताना संघ बघत नाहीत, गोलकीपर बघतात. कायोटीजने गेल्या दशकात फार सामने जिंकले नसतील, पण गोलकीपर चांगले जोपासले. डार्सी केम्पर तुमच्याकडून कोलोराडोला गेला आणि २०२२ मध्ये कप जिंकला. त्याच्या पुढच्याच वर्षी व्हेगासने कप जिंकला तेव्हा गोलमध्ये कोण उभा होता? एडिन हिल. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपात, त्याला निवडलं होतं ॲरिझोनाने, एनएचएलचे पहिले सामने तो तुमच्याकडून खेळला, सॅन होझेमार्गे व्हेगासला पोचला. फायनलच्या पहिल्या सामन्यात त्याने उघड्या गोलपुढे स्टिक आडवी टाकून जो पक (हॉकीची चकती) अडवला, तो तिने बघितला नसेल असं मला वाटत नाही. तिला बहुतेक हे सगळं ठाऊकच असेल. तेरा वर्षांच्या गोलकीपरला असल्या गोष्टी बापाच्या आधी कळतात. म्हणून हा मुद्दा वकिलासारखा मांडू नका. तिला विचारा की हिल गोलमध्ये तसा का हलतो, आणि ऐकत बसा. हॉकीवरचं बोलणं पुन्हा सुरू व्हायला एवढं पुरेल. संघ मागाहून आला तर आला.

ती अजून गेली नसेल तर तिला ॲरिझोना काचिनाजकडेही घेऊन जा. मुलींच्या हॉकीसाठी उभी राहिलेली संस्था, आणि तिच्यामागे लिंडसे फ्राय, जी ॲरिझोनातच वाढली आणि २०१४ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून खेळून रौप्यपदक घेऊन आली. कायोटीज गेले, पण या मुली कुठे गेलेल्या नाहीत. ऑस्टन मॅथ्यूज हा स्कॉट्सडेलचा मुलगा कायोटीजचे सामने बघून हॉकीत आला आणि आज टोरांटोचा कॅप्टन आहे, हे तर तुमच्या भागात शाळेच्या बसमध्येही ऐकू येत असेल.

बायकोच्या सल्ल्याबद्दल. दादरचं माहेर असलेल्या बाईने पुणेकराला मुंबईचे व्हा म्हणणं हा सल्ला नाही, तो २१ मे २०१७ चा हिशेब आहे. हैदराबादला झालेली आयपीएलची फायनल, मुंबई १२९, पुणे १२८. एका धावेने हरलेला संघ त्यानंतर कधी खेळलाच नाही, कारण तो दोन वर्षांसाठीच जन्माला आला होता. त्याआधीचे पुणे वॉरियर्स तीन सीझनमध्ये आटोपले होते. तुमच्याबद्दल मला सहानुभूती आहे, पण हेही आठवा की २०१८ मध्ये चेन्नईचे घरचे सामने कावेरीच्या आंदोलनामुळे गहुंजेला आले, तेव्हा चेन्नईहून खास रेल्वेगाडी भरून लोक आले आणि त्यांच्या शेजारी बसून पुणेकरांनी पिवळे झेंडे हलवले. धोनी तर आदल्या वर्षी आपलाच होता. तेव्हा पुण्यात कुणाला गद्दार म्हटल्याचं माझ्या कानावर नाही. बायकोला तिची मुंबई राहू द्या. घरात एकाचा तरी संघ टिकाऊ असलेला बरा.

जर्सी. विकू नका, फ्रेम करून भिंतीवरही लावू नका. फ्रेममध्ये गेलेली वस्तू घरातले लोक बघणं सोडून देतात. मलेट अरीनात सन डेव्हिल्सच्या सामन्याला घालून जा. कायोटीजची ती रंगीबेरंगी, काचिना नक्षीची जर्सी घातलेले तुम्ही तिथे एकटे नसाल. त्यांतली एक लेकीला आता होत नसेल तर तिच्या क्लबातल्या एखाद्या धाकट्या मुलीला देता येईल, पण विचारून. परस्पर दिलीत तर पुढचं पत्र मला तिचं येईल.

आणि मेव्हण्याचं आमंत्रण घ्या. डिसेंबरच्या सुट्टीत जा, साधे कपडे घालून जा, आणि ज्या रात्री एडिन हिल गोलमध्ये असण्याची शक्यता जास्त असेल ती रात्र लेकीला निवडू द्या. तिकिटं मेव्हण्याला काढू द्या, शेजारी धरा म्हणून आग्रह त्याचाच होता.

तुमची,
ताई